ओटीपोटांतील गांठ : केव्हां थांबावें आणि केव्हां धांवावें

नेरळ हें नांव मुंबईकरांच्या मनांत माथेरानशीं जोडलेलें असतें. 1856 सालीं जी. आय. पी. रेल्वेचा लोहमार्ग कल्याणच्या पुढें बोरघाटाच्या पायथ्यापर्यंत, म्हणजे खोपोलीपर्यंत गेला. आणि 1907 सालीं नेरळहून माथेरानला चढणारी दोन फुटी रुळांची छोटी गाडी सुरू झाली. तेव्हांपासून उतरून दुसरी गाडी पकडण्याचें ठिकाण, एवढीच या गांवाची ओळख पुष्कळांना असते. परंतु नेरळ हें राहत्या माणसांचें गांव आहे. पहांटेच्या लोकलनें कल्याण, ठाणें, मुंबईकडे नोकरीस जाणाऱ्या स्त्रिया तेथें आहेत; भाताच्या शेतांत राबणाऱ्या आहेत; आणि माथेरानच्या उतारावरील ठाकूर व कातकरी वाड्यांतून बाजारासाठीं पायवाटेनें उतरणाऱ्याहि आहेत. या तिघींच्या राहणींत अंतर पुष्कळ आहे. पण ओटीपोटांत दुखूं लागलें म्हणजे तिघीहि बहुधा एकच गोष्ट करतात. त्या थांबतात. नोकरीस जाणारी म्हणते, रविवारपर्यंत पाहूं. शेतकरीण म्हणते, लावणी आटपूं दे. वाडीवरची म्हणते, सोबतीला कोणी मिळेल तेव्हां उतरूं. बहुतेक वेळां हें थांबणें निभावून जातें. कांहीं वेळां मात्र तें जिवावर बेततें. या दोन वेळा ओळखाव्या कशा, एवढेंच या भाषणांत सांगावयाचें आहे.

ओटीपोट दुखण्याचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं एक असें आहे कीं, त्याचें नांव निघतांच घरांतील माणसें हातपाय गाळतात. तें कारण म्हणजे अंडाशयावरील गांठ. डॉक्टर तिला ‘सिस्ट’ म्हणतात. सोनोग्राफीच्या कागदावर हा शब्द दिसला कीं घरांत कॅन्सरची कुजबूज सुरू होते. वस्तुतः सिस्ट म्हणजे द्रवानें भरलेली पिशवी, याहून अधिक त्या शब्दाचा अर्थ नाहीं. ती पिशवी कसली आहे, केवढी आहे, कोणत्या वयांत आली आहे आणि तिच्यामुळें काय होत आहे, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचें सारें अवलंबून असतें.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस सालीसकट बदामाच्या आकाराचें एकेक अंडाशय असतें. मुलगी वयांत आल्यापासून पाळी कायमची जाईपर्यंत या दोहोंपैकीं एकांत, सामान्यतः दर महिन्यास, एक पाण्याची पुटकुळी वाढते. तिच्या आंत स्त्रीबीज असतें. ती सुमारें दोन सेंटिमीटरांची, म्हणजे चांगल्या बोराएवढी झाली कीं फुटते आणि बीज बाहेर पडतें. फुटल्या जागीं एक पिवळसर ग्रंथि तयार होते व गर्भ राहिला नाहीं तर ती सुमारें दोन आठवड्यांत सुकून जाते. म्हणजे दर महिन्यास एक लहानशी गांठ येणें आणि जाणें, हाच स्त्रीशरीराचा नित्यक्रम आहे. या क्रमांत कधीं कधीं थोडा बिघाड होतो. पुटकुळी वेळेवर फुटत नाहीं, वाढतच राहते. किंवा फुटल्यानंतरची ग्रंथि सुकण्याऐवजीं द्रवानें वा थोड्या रक्तानें भरते. अशा गांठी तरुण स्त्रियांत सर्वांत अधिक आढळतात. त्यांचा कॅन्सरशीं संबंध नसतो आणि दोन-तीन पाळ्यांच्या अवधींत त्या बहुधा आपोआप जिरतात. गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफींत जी गांठ दिसते, तीहि बहुतेक वेळां ही पिवळी ग्रंथिच असते. गर्भाला प्रारंभीं आधार देण्याचें काम तिच्याकडेच असल्यामुळें तिला पाहून घाबरण्याचें कारण नाहीं.

दुसऱ्या जातीच्या गांठी मात्र अशा येऊन जाणाऱ्या नसतात. त्यांपैकीं एकीस डरमॉइड म्हणतात. अंडाशयांतील बीजपेशींमध्यें शरीराचे सर्व अवयव घडविण्याची शक्ति मूळचीच असते. ती शक्ति भलत्याच वेळीं जागी झाली म्हणजे त्या गांठींत केस, चरबी, क्वचित् दांतसुद्धां तयार होतात. शस्त्रक्रियेंत पोटांतून केस आणि दांत निघाले, ही बातमी खेड्यांत पसरली कीं करणीची गोष्ट जन्मास येते. ती करणी नव्हे. एका पेशीनें चुकीच्या ठिकाणीं केलेला प्रयोग आहे, आणि शेंकडा नव्याण्णव वेळां तरी तो निरुपद्रवी असतो. दुसरा प्रकार चॉकलेट सिस्ट या गोड नांवाचा. पण दुखणें मात्र कडू. गर्भाशयाच्या आंतल्या अस्तरासारखा थर कांहीं स्त्रियांत अंडाशयावर वाढतो. दर पाळीला त्यांतूनहि रक्त येतें, त्यास बाहेर पडावयास वाट नसते, आणि तें सांचून काळपट, घट्ट होतें. पाळीच्या दिवसांत कामधाम सुचूं नये इतकें दुखणें आणि दिवस राहण्यास विलंब, हीं याचीं लक्षणें होत. तिसऱ्या प्रकारच्या गांठी अंडाशयाच्या आवरणापासून निघतात. त्या साधारणतः सौम्य असतात, परंतु कधीं कधीं वाढतां वाढतां सारें पोट व्यापतात. सरतेशेवटीं, थोड्या गांठी खरोखरच कॅन्सरच्या असतात. त्यांचें प्रमाण तरुण वयांत अगदीं अल्प असतें आणि पाळी गेल्यानंतर वाढत जातें.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. हल्लीं शाळा-कॉलेजांतील मुलींच्या बाबतींत पी. सी. ओ. एस. किंवा पी. सी. ओ. डी. हीं अक्षरें वारंवार कानांवर येतात आणि त्यांतील ‘सिस्ट’ या शब्दामुळें आयांच्या मनांत धसका बसतो. या विकारांत अंडाशयांत ज्या बारीक पुटकुळ्या दिसतात, त्या उपरिनिर्दिष्ट गांठी नव्हेत. पूर्ण वाढ न होतां थांबलेल्या त्या बीजपुटकुळ्याच होत. त्या कापून काढावयाच्या नसतात. हा विकार मुख्यतः अंतःस्रावांचा आहे. पाळी महिनोन्महिने लांबणें, चेहऱ्यावर लव व मुरुमें येणें, वजन वाढणें, पुढें मधुमेहाकडे कल होणें, अशी त्याची चाल असते. आणि आहार, व्यायाम व आवश्यक तीं औषधें हा त्याचा उपाय आहे. त्यास डॉक्टरांचा सल्ला हवाच, पण तो रात्रीं धांवत जाऊन घेण्याचा सल्ला नव्हे.

आतां गांठ मोठी होऊं दिली तर काय होतें, याचें वैद्यकाच्या इतिहासांतील एक प्रसिद्ध उदाहरण. 1809 सालच्या डिसेंबर महिन्यांत अमेरिकेंतील केंटकी प्रांतांत जेन टॉड क्रॉफर्ड नांवाच्या स्त्रीला तपासण्यास एफ्राइम मॅक्डॉवेल या डॉक्टरास बोलावण्यांत आलें. पोट इतकें वाढलें होतें कीं, तिला दिवस गेले आहेत आणि ते भरून गेले आहेत, असाच सर्वांचा समज होता. मॅक्डॉवेलनें तपासून सांगितलें कीं, ही अंडाशयाची गांठ आहे. ती काढण्याची शस्त्रक्रिया आजवर कोणीं यशस्वी केलेली नाहीं. तयारी असेल तर डॅनव्हिल गांवीं यावें. ती बाई थंडीच्या दिवसांत घोड्यावर बसून सुमारें 60 मैल गेली. भूल देण्याची विद्या त्यानंतर 37 वर्षांनीं आली. तेव्हां तिला शुद्धीवर ठेवूनच पोट उघडलें, सुमारें 25 मिनिटांत शस्त्रक्रिया पुरी केली आणि साडेबावीस पौंडांची गांठ बाहेर काढली. ती स्त्री बरी झाली आणि पुढें 32 वर्षें जगली. अंडाशयाची गांठ काढतां येते, हें जगाला त्या दिवसापासून कळलें. भूल, निर्जंतुकीकरण, रक्तपुरवठा आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीं सारीं साधनें आज हाताशीं आहेत. असें असूनहि पोट कळशीएवढें होईपर्यंत घरीं राहिलेली स्त्री आपल्या इस्पितळांत अधूनमधून येतेच, आणि तिच्याहि शेजारणींनीं प्रथम दिवस गेल्याचीच शंका घेतलेली असते.

गांठीचीं लक्षणें कोणतीं? पुष्कळदां कांहींच नसतें. दुसऱ्याच कारणासाठीं सोनोग्राफी केली असतां ती अचानक दिसते. लक्षणें असलींच तर तीं सौम्य आणि रेंगाळणारीं असतात. ओटीपोटांत एका बाजूस जडपणा किंवा मंद दुखणें, पोट फुगल्यासारखें वाटणें, लघवीस वारंवार जावें लागणें, शौचास साफ न होणें, समागमाच्या वेळीं दुखणें, पाळी पुढेंमागें होणें. हीं लक्षणें एखाद्या महिन्यांत येऊन गेलीं तर तीं मनांत ठेवावीं आणि पुढील पाळीकडे लक्ष द्यावें. तींच दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकलीं, दर पाळीस वाढत गेलीं, किंवा ओटीपोटांत हातास गोळा लागूं लागला, तर सवड पाहत बसूं नये. आठ दिवसांच्या आंत डॉक्टरांस दाखवावें. नेरळसारख्या ठिकाणीं यासाठीं प्रथम मुंबई गांठण्याची आवश्यकता नाहीं. गांवांतच प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. लोकलनें दुसरेंच स्थानक असलेल्या कर्जत येथें उपजिल्हा रुग्णालय आहे. जिल्ह्याचें रुग्णालय अलिबागेस आहे. आणि कल्याण रेल्वेनें तासाभराच्या आंत येतें. पहिला कागद जवळच करून घ्यावा आणि दूरचा प्रवास जरूर पडल्यास त्या कागदानिशीं करावा.

आतां ज्या प्रसंगीं आठ दिवसच काय, पण आठ तासहि थांबूं नये, ते प्रसंग. पहिला प्रसंग पीळ पडण्याचा. अंडाशय हें देंठावर लोंबणाऱ्या फळासारखें असतें आणि त्या देंठांतूनच त्याला रक्त पोंचतें. गांठीमुळें तें जड झालें म्हणजे कधीं कधीं देंठाभोंवतीं फिरतें, देंठास पीळ पडतो आणि रक्त बंद होतें. ओटीपोटांत एका बाजूस एकाएकीं जीवघेणी कळ येते, बरोबर मळमळ आणि उलटी होते. कळ कधीं थोडी थांबते व पुन्हां उसळते. त्या थांबण्यानें घरच्यांस खोटा धीर येतो. पीळ वेळेवर सोडविला तर अंडाशय वांचतें. काळेंनिळें पडलेलें अंडाशयसुद्धां पीळ सुटल्यावर पुष्कळदां पूर्ववत् होतें. उशीर झाला तर तें मरतें व काढून टाकावें लागतें. उजव्या बाजूस ही कळ आली म्हणजे ती अपेंडिक्सची वाटते, डाव्या बाजूस आली तर मुतखड्याची. परंतु यांपैकीं कोणतेंहि कारण असलें तरी स्थळ एकच, इस्पितळ. लहान मुलींतहि हा प्रकार घडतो. ‘अजून पाळी आली नाहीं, तिला कसली अंडाशयाची व्याधि’ असें म्हणून तिला ओवा-हिंग देत बसूं नये.

दुसरा प्रसंग गांठ फुटून आंत रक्तस्राव होण्याचा. लहान गांठ फुटली तर थोडें दुखून तें थांबतें. परंतु फुटलेल्या जागीं रक्तवाहिनी उघडी पडली तर पोटांत रक्त सांचतें. अशा वेळीं कळ येऊन गेल्यावर स्त्री पांढरीफटक पडते, थंड घाम सुटतो, उठतांना डोळ्यांपुढें अंधारी येते, छातींत धडधडतें, श्वास जलद चालतो, कधीं खांद्याच्या टोंकास दुखूं लागतें. बाहेर रक्ताचा थेंबहि न दिसतां स्त्री रक्तहीन होत असते. तिसरा प्रसंग याहून अधिक धोक्याचा आणि लक्षणांनीं याच्यासारखाच : पाळी चुकलेली असून ओटीपोटांत कळ येणें. गर्भ गर्भाशयांत न राहतां नळींत राहिला तर नळी फुटून स्त्री थोड्या वेळांत दगावूं शकते. म्हणून पाळी चुकलेल्या किंवा अनियमित आलेल्या स्त्रीच्या पोटांत दुखूं लागलें तर गर्भचाचणी प्रथम झाली पाहिजे, मग ती विवाहित असो, अविवाहित असो, वा तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेली असो. हा प्रश्न विचारण्यांत अपमान नाहीं व त्याचें खरें उत्तर देण्यांत लाज नाहीं. तें उत्तर चार भिंतींत राखणें हें डॉक्टरांचें कर्तव्यच आहे. चौथा प्रसंग कळेबरोबर थंडी वाजून ताप येण्याचा. तो जंतुसंसर्गाचा किंवा पिकलेल्या गांठीचा सूचक असतो.

अशी कल्पना करावी कीं, माथेरानच्या उतारावरील एखाद्या वाडींत रात्रीं दहा वाजतां एका तरुण मुलीस अशी कळ आली. पावसाळा आहे, वाट निसरडी आहे. घरांतील वडील माणसें म्हणणार, वायगोळा असेल, पोट चोळा, सकाळीं पाहूं. नेमकें याच वेळीं काय करावें, हें आधीं ठरलेलें असलें पाहिजे. पोट चोळूं नये. आंत गांठ असेल तर दाबण्याचोळण्यानें ती फुटण्याची धास्ती असते. पोटभर खाऊं-पिऊं घालूं नये. कारण शस्त्रक्रिया करावी लागल्यास पोट रिकामें असलेलें बरें. गांवांतल्या आशा कार्यकर्तीस उठवावें. 108 या क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिकेची सेवा महाराष्ट्रांत 2014 सालापासून चालू आहे व तिला पैसे पडत नाहींत. गाडी वाडीपर्यंत येत नसेल, तर ती जेथपर्यंत येते तेथपर्यंत रोग्यास डोलींतून किंवा खुर्चींतून न्यावें, चालवूं नये. निघण्यापूर्वींच फोनवरून विचारावें कीं, जेथें न्यावयाचें तेथें या घटकेस सोनोग्राफी, शस्त्रक्रिया आणि रक्त यांची सोय आहे काय; नसेल तर दोन ठिकाणीं वेळ दवडण्यापेक्षां सरळ मोठ्या ठिकाणीं जावें. उत्तररात्रीं लोकल कांहीं तास बंद असतात, हें नेरळच्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. म्हणून अशा प्रसंगीं पहिल्या गाडीची वाट पाहणें हा बेतच मनांतून काढावा.

पाळी गेलेल्या स्त्रीचा विचार निराळा केला पाहिजे. तिच्या अंडाशयांचें मासिक काम थांबलेलें असतें. म्हणून त्यांवर नवी गांठ दिसली तर ती नित्यक्रमांतली आहे असें म्हणतां येत नाहीं. या वयांतहि लहान, साध्या, नुसत्या पाण्याच्या गांठी बहुधा निरुपद्रवी ठरतात. परंतु तें तपासणीनें ठरावें, अंदाजानें नव्हे. अंडाशयाचा कॅन्सर मोठा मुका असतो. त्याचीं प्रारंभींचीं लक्षणें पोटाच्या साध्या तक्रारींसारखीं दिसतात : पोट सतत फुगणें, चार घांस खातांच पोट भरणें, ओटीपोटांत दुखणें, लघवीची घाई. अशा तक्रारी पन्नाशीच्या पुढील स्त्रीस नव्यानेंच सुरू झाल्या आणि महिन्यांतून बाराहून अधिक दिवस होऊं लागल्या, तर त्या पित्ताच्या गोळ्यांवर महिनोन्महिने ढकलूं नयेत. पाळी गेल्यानंतर पुन्हां अंगावरून रक्त जाणें हें तर कधींच साधें समजूं नये. घराण्यांत आई, मावशी, आत्या किंवा बहीण यांस अंडाशयाचा वा स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तें डॉक्टरांस आपण होऊन सांगावें.

तपासणीची भीति ही तपासणी न कळल्यामुळें असते. डॉक्टर प्रथम माहिती विचारतात, पोट तपासतात, जरूर असल्यास व स्त्रीची संमति असल्यास आंतून तपासतात. अशा वेळीं दुसरी स्त्री जवळ असावी असें सांगण्याचा रोग्यास हक्क आहे. नंतर सोनोग्राफी. ती ध्वनिलहरींनीं होते, दुखत नाहीं. पोटावरून करावयाची असल्यास पाणी पिऊन लघवी रोखून धरावी लागते, एवढाच त्रास. गांठींत निव्वळ पाणी आहे कीं कांहीं घट्ट भाग आहे, आंत पडदे आहेत काय, पोटांत अन्यत्र पाणी सांचलें आहे काय, हें तींत दिसतें. सी. ए. 125 नांवाची रक्ततपासणीहि कधीं सांगितली जाते. तिचा आंकडा वाढलेला दिसला म्हणजे कॅन्सरच, असें मुळींच नाहीं. पाळीच्या दिवसांत, चॉकलेट सिस्टमध्यें, जंतुसंसर्गांत आणि गर्भारपणांतहि तो वाढतो. उलट कॅन्सरच्या प्रारंभीं तो साधाहि असूं शकतो. म्हणून हा आंकडा सोनोग्राफीच्या व वयाच्या जोडीनेंच वाचावयाचा असतो, आणि धडधाकट स्त्रीनें आपल्या मनानें ही तपासणी करून आणणें व्यर्थ चिंता विकत घेण्यासारखें आहे.

उपचारांपैकीं पहिला उपचार म्हणजे वाट पाहणें. हें ऐकून रोग्याच्या घरचीं माणसें नाराज होतात. डॉक्टरांनीं कांहीं दिलेंच नाहीं असें त्यांस वाटतें. परंतु तारीख ठरवून वाट पाहणें आणि डोळेझांक करणें यांत मोठें अंतर आहे. पाळी चालू असलेल्या स्त्रीच्या अंडाशयावर पांच सेंटिमीटरांपर्यंतची साधी, नुसत्या पाण्याची गांठ असेल व त्रास नसेल, तर सहसा कांहींच करावें लागत नाहीं. पांच ते सात सेंटिमीटरांची साधी गांठ वर्षांतून एकदां सोनोग्राफीनें पाहत राहणें पुरतें. त्याहून मोठी असेल तर अधिक तपासणी किंवा शस्त्रक्रिया यांचा विचार होतो. जी गांठ साधी कीं संशयास्पद हें नक्की नसेल, तिची सोनोग्राफी सहा ते बारा आठवड्यांनीं पुन्हां करतात. गांठ विरघळविणारी गोळी अजून निघालेली नाहीं. गर्भनिरोधक गोळ्या दिल्यानें आलेली गांठ लौकर जिरते असें प्रयोगांत आढळलेलें नाहीं. मग गुप्त पुड्या आणि काढे यांची गोष्ट दूरच राहिली. त्या पुडीनें गांठ गेली असें जेव्हां सांगण्यांत येतें, तेव्हां बहुधा ती आपली आपणच गेलेली असते. शस्त्रक्रिया लागलीच तर ती आज पुष्कळदां दुर्बिणीच्या साहाय्यानें, बारीक छिद्रांतून होते. तरुण स्त्रीमध्यें शक्य तेवढी गांठ तेवढीच काढून अंडाशय राखतात. आणि एक अंडाशय काढावें लागलें तरी दुसरें शाबूत असल्यास पाळी येते व मूलहि होऊं शकतें. ही गोष्ट सासर-माहेर दोन्हीकडे स्पष्टपणें सांगितली गेली पाहिजे; कारण ‘पोट फाडलेली मुलगी’ हा शिक्का शस्त्रक्रियेच्या व्रणापेक्षां अधिक काळ टिकतो.

या विषयांत महाराष्ट्रानें दोन परस्परविरुद्ध अनर्थ पाहिलेले आहेत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत 650 स्त्रियांची तपासणी केली आणि तिचा वृत्तान्त 1989 सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. शंभरांतील 92 स्त्रियांना जननेंद्रियांचा कोणता ना कोणता विकार होता, आणि अशी तपासणी पूर्वीं कधीं झालेल्या स्त्रिया शंभरांत अवघ्या 8 होत्या. ते विकार बहुतांशीं जंतुसंसर्गाचे व पाळीचे होते, गांठींचे नव्हते. परंतु त्या आंकड्यांत जें मौन दिसलें तें गांठीलाहि तितकेंच लागू आहे. दुसरा अनर्थ याच्या उलट. बीड जिल्ह्यांतील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचीं गर्भाशयें मोठ्या संख्येनें काढलीं जात असल्याचा बोभाटा 2019 सालीं झाला. शासनानें डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. त्या वेळच्या पाहणींत सुमारें 82 हजार स्त्रियांपैकीं 13 हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. कामाचा खाडा व त्यावरील दंड यांच्या भयानें, तसेंच ‘पुढें कॅन्सर होईल’ या धाकानें ऐन उमेदींतल्या स्त्रियांनीं अवयव काढून घेतल्याचें पुढें आलें. एकीकडे कोणीं तपासलेंच नाहीं, दुसरीकडे न थांबतां कापलें. अंडाशयावर साधी गांठ आहे म्हणून गर्भाशय काढून टाका, असा सल्ला कोणीं दिला तर घाई करूं नये; कागद घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचें मत घ्यावें. तांतडीचा प्रसंग सोडल्यास दुसरें मत घेण्यास वेळ असतोच, आणि चांगल्या डॉक्टरास त्याचा राग येत नाहीं.

नेरळच्या खालीं याच लोहमार्गावर कल्याण आहे. तेथें 1865 सालीं आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. स्त्रियांना आपलें दुखणें पुरुष डॉक्टरास सांगवत नाहीं, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, हेंच त्यांच्या परदेशगमनाचें कारण होतें. 1886 सालीं अमेरिकेंत त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली आणि पुढच्याच वर्षीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या पदवीच्याच वर्षीं मुंबईंत स्त्रियांसाठीं कामा इस्पितळ उघडलें. ज्या अडचणीसाठीं ती तरुण स्त्री समुद्र ओलांडून गेली, ती अडचण आतां डॉक्टरांच्या संख्येची फारशी राहिलेली नाहीं. स्त्री डॉक्टर तालुक्याच्या गांवींहि भेटतात. राहिलें आहे तें घरांतलें मौन.

तें मौन घरांतच मोडलें पाहिजे, आणि त्यासाठीं लागतें फार थोडें. प्रत्येक मुलीनें पहिल्या पाळीपासून पाळीच्या तारखा दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. आईनें त्या पाहाव्यात. दुखूं लागल्यास कोणत्या बाजूस, केव्हांपासून, पाळीच्या आधीं कीं नंतर, हें लिहावें. सोनोग्राफीचे सारे कागद एका पिशवींत ठेवावेत; कारण गांठ वाढली कीं घटली, हें मागच्या कागदावांचून कोणासहि सांगतां येत नाहीं. पुढील तपासणीची तारीख त्याच दिनदर्शिकेवर मांडावी. पुरुषांनीं एवढें करावें कीं, घरांतील स्त्री ‘आज जरा बरें नाहीं’ असें म्हणाली तर कुठें दुखतें असें विचारावें आणि उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावें. दुखणें मंद असेल तर आठ दिवसांच्या आंत डॉक्टरांची वेळ ठरवावी. पाळी गेलेल्या स्त्रीची तक्रार असेल तर ती कितीहि बारीक असो, तपासून घ्यावी. आणि एकाएकीं कळ, उलटी, घेरी, ताप किंवा चुकलेली पाळी यांपैकीं कांहीं असेल तर त्याच घटकेस उठावें. लावणी दुसऱ्या दिवशींहि होते, नोकरींतली रजा मागाहून मांडतां येते. पीळ पडलेलें अंडाशय मात्र सकाळपर्यंत थांबत नाहीं.